आधी चुकायचं

आमच्या कॉलेजात नेतृत्व पाळीपाळीने मिळतं, दवाखान्यातल्या नंबरासारखं. शिक्षक व्हायला आलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन दुपारी वाचनवर्गावर स्वयंसेवक म्हणून जायचं आणि आपली पाळी आली की महिनाभर त्या वर्गाचं पुढारीपण करायचं. पुढारी झालं की छातीवर हिरवा बिल्ला. महिना संपला की तो बिल्ला काढून पुढच्याच्या छातीवर लावायचा, पाहुण्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात. ही कल्पना सेवा विभागाच्या मॅडमची. ती सुचली तेव्हा त्यांना म्हणे फार आनंद झाला होता. तो अजून ओसरलेला नाही.

माझी पाळी आली तेव्हा वर्ष सरत आलं होतं.

वर्गात मी सगळ्यांपेक्षा मोठी. लग्न झालेली, चार वर्षांची मुलगी असलेली. म्हणून मला सगळे वहिनी म्हणतात, आणि मुलगी माझा पदर सोडत नाही म्हणून तिला शेपूट. "वहिनी आल्या, मागून शेपूट पण आलं." हसतात, पण तिला बिस्किटंही तेच देतात, म्हणून मी मनाला लावून घेत नाही. तिला बरोबर न्यावंच लागतं. नवरा कामावर, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गुडघे दुखत असले तरी तोंड चालतं.

"जगाच्या पोरांना अक्षरं दाखवतेस, आपल्या पोरीला कोण बघणार?"

"म्हणून तर बरोबर नेते, आई."

"बरोबर नेणं म्हणजे बघणं नव्हे."

हे मात्र मला लागलं, कारण मी बघण्याशिवाय दुसरं काही करतच नाही. कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी विजेची सॉकेट बघते, मग खिडक्या, मग माणसं. वाचनवर्ग भरायचा ती खोली एका सभागृहाच्या मागच्या बाजूला होती. घडीची टेबलं, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, जुनं लिखाण कधीच पूर्ण पुसलं न जाणारा पांढरा फळा, कोपऱ्यात कुणाच्या तरी कार्यक्रमातून उरलेला माइकचा दांडा. तो दांडा शेपटीच्या डोक्यावर पडेल म्हणून मी पहिल्याच दिवशी आडवा करून ठेवला. माझ्या पुढारीपणाचं ते पहिलं काम.

मुलं आठ ते दहा वर्षांची. शाळा सुटली की यायची. मोठ्या शाळेत गेलं की वर्ग बंद, असा नियम होता. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या मुलाला चष्मा होता आणि तो सावकाश बोलायचा, म्हणून तो आजोबा. आणि एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणायचे. हे नाव तिच्या आईनेच ठेवलं होतं, कारण तिच्याशी बोलून घरात कुणी जिंकत नसे. जागेवरून भांडण झालं तर ती दोन्ही बाजू मांडायची आणि शेवटी स्वतः खिडकीजवळ बसायची. या दोघांची सुट्टीनंतर मोठी शाळा. वर्गाचे हे त्यांचे शेवटचे महिने.

मी पहिल्या दिवशी वाचनपुस्तकाचं पहिलं पान काढलं. रंगीत कार्डं मी घरी बसून केली होती, शेपटीने अर्ध्यांवर गोंद सांडला होता. मुलं अडखळली, चुकली, मी समजावलं, मग त्यांना जमलं. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये हसत होते. वाटलं, मला हे काम येतं.

मग एका सकाळी शेपूट पलंगावर वर्ग भरवून बसली होती. अस्वल, पाण्याची बाटली, माझा एक मोजा. मी कपड्यांच्या घड्या करत होते.

"अस्वल, हे काय आहे?" तिने विचारलं. मग जाड आवाज काढून स्वतःच म्हणाली, "माहीत नाही ताई."

"नीट बघ."

"नाही येत ताई."

"हे घर आहे. आता सांग."

"घर," अस्वल म्हणालं. शेपटीने टाळ्या वाजवल्या.

मी सहज विचारलं, "अस्वलाला आधी का नाही आलं गं?"

"येतं त्याला."

"मग?"

"आधी चुकायचं असतं, आई. मग ताई सांगते. मग बरोबर सांगायचं. मग ताई खूश होते."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"वकीलने. तू नवीन आहेस म्हणून सांगते, म्हणाली."

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. बसमधलं माझं हसू आठवलं आणि कानशिलं तापली.

पुढच्या वर्गाला मी कार्डं नेलीच नाहीत. आमच्या नव्या विजेच्या किटलीबरोबर आलेलं माहितीपत्रक नेलं, बारीक अक्षरांचं, कंटाळवाणं. ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "वाचा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबाने चष्मा वर केला.

"ताई, हे आज नसतं. आज तिसरं पान असतं."

"तिसरं पान कुणीकुणी शिकवलंय तुम्हाला?"

"सगळ्यांनी. प्रत्येक नवीन ताई पहिल्या पानापासून सुरू करते. दादा आला तर तो पण."

"तुम्हाला वाचता येतं?"

"हो," तो म्हणाला. "पण तुमच्या महिन्यात अजून नाही."

बाकीचे खुदकन हसले. मी पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. "'किटली रिकामी असताना चालू करू नये,'" त्याने एकदाही न अडखळता वाचलं आणि वर स्वतःचं मत जोडलं, "साहजिक आहे."

"मग सांगितलं का नाही मला?"

"विचारलं कुठे तुम्ही," एक बारकी मुलगी म्हणाली.

"आणि ताई," आजोबा मला समजावू लागला, मीच लहान असल्यासारखं, "नवीन ताईने घरी बसून कार्डं केलेली असतात. आम्हाला येतं म्हटलं तर तिचा चेहरा असा होतो." त्याने चेहरा करून दाखवला. सगळे हसले. तो माझाच चेहरा होता, त्या क्षणाचा.

मग पत्रक हातोहात फिरलं. कुणी भरभर वाचलं, कुणी बोट ठेवून. आता लपवायचं कारण नाही म्हटल्यावर त्यांना मजा येऊ लागली. वकीलची पाळी आली. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "'किटली लहान मुलांपासून दूर ठेवावी. उकळलेल्या पाण्यात हात घालू नये. काही अडचण आल्यास दुकानदाराला भेटावे, त्याने ऐकले नाही तर पुन्हा भेटावे.'"

तिच्या वाट्याचा परिच्छेद खरं तर किटली आतून व्हिनेगरने कशी धुवायची याबद्दल होता.

मुलं टेबलावर डोकी ठेवून हसली. "ताई, ही अजून नाटकच करतेय." वकीलही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मी मात्र तिचे डोळे बघत होते. वाचणाऱ्याचे डोळे हलतात. हिचे कागदावर होते, पण एका जागी. कागद धरलेला अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता. शेपूट तापात असते आणि 'मला काही नाही झालं' म्हणते तेव्हा मी जशी बघते, तशी मी बघत होते.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं.

"वकील, तो परिच्छेद कशाबद्दल होता?"

"किटलीबद्दल."

"किटलीचं काय?"

"सगळंच."

"तुला वाचता येत नाही," मी म्हटलं.

"ताई, तुमचं शेपूट पडेल हं खुर्चीवरून."

मी वळून पाहिलं, पाहणारच. शेपूट नीट बसली होती. परत वळेपर्यंत वकीलने दप्तर पाठीवर घेतलं होतं.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "बाकी कुणालाही सांगा. नको, कुणालाच नको."

"इतक्या तायांना कळलं कसं नाही?"

"पहिलं पान पाठ आहे. कार्यक्रमात म्हणायचं शेवटचं पण पाठ आहे. मधलं कोणी विचारेपर्यंत महिना संपतो."

"आणि मोठ्या शाळेत?"

"तिथे एका वर्गात खूप मुलं असतात. मागे बसायचं." मग तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "शब्द द्या."

मी दिला. काय करणार होते? इतकी मुलं, येत असून येत नाही असं दाखवत होती, आमची मनं राखायला. त्या गर्दीत जिला खरंच येत नव्हतं ती छान लपून गेली होती. आणि ही गर्दी आम्ही जमवली होती, दर महिन्याला नवा बिल्ला लावून.

उरलेल्या दिवसांत वर्ग सुटल्यावर मी तिला घेऊन बसायचे. काही अक्षरं तिला येत होती, सारखी दिसणारी दोन आली की ती हरवायची आणि हरवली की बोलायला लागायची. बोलणं थांबवून बोट पुढे सरकवायला वेळ लागत होता. तिला महिने हवे होते. माझ्याकडे ते नव्हते. म्हणून मी मॅडमकडे गेले.

मॅडमची केबिन छान आहे. भिंतभर हिरव्या बिल्ल्यांचे फोटो. त्यांनी शेपटीला कागद आणि रंग दिले, मला खुर्ची दिली.

"मॅडम, सुट्टी लागेपर्यंत हा वर्ग मीच घेते."

"पुढचा महिना कॅप्टनचा आहे." कॅप्टन म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा, सगळ्या खेळांत पुढे.

"बिल्ला त्याला द्या. मी नुसती कोपऱ्यात बसते."

"जुना पुढारी कोपऱ्यात बसला की नव्याच्या आत्मविश्वासाचं काय होतं, विचार कर. नेतृत्व म्हणजे वेळेवर बाजूला होणं. हे तुला तरी कळायला हवं, मोठी आहेस सगळ्यांत."

"मुलांना सगळं येतं, मॅडम. आपल्याला बरं वाटावं म्हणून ती न येण्याचं नाटक करतात. दर महिन्याला तेच."

त्या हसल्या. "किती गोड. पण बघ ना, नाटकही शिकण्याचं साधनच आहे."

"आणि एका मुलीला खरंच येत नाही."

"कुठल्या?"

मी शेपटीचा खाली पडलेला रंग उचलून दिला. शब्द दिला होता.

"तुझ्याआधीच्या प्रत्येकाने सांगितलंय की सगळी मुलं उत्तम वाचतात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि समज असेल एखादी कच्ची, तर कार्यक्रमाच्या दिवशी तिच्यापुढे अनोळखी पान ठेव. सगळ्यांना दिसेल. पाहुणे पण असतील." हे त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. त्यांना खरंच तो उपाय वाटला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू आई आहेस ना, म्हणून गुंततेस. घरी लहान मूल असलं की असं होतं. जरा अंतर ठेवायला शीक. चांगली शिक्षिका होशील."

मी हात काढून घेतला. जिन्यात कॅप्टन भेटला. भला मुलगा आहे. त्याला सगळं सांगितलं, फक्त कुणाबद्दल ते सोडून.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "मी सगळी तयारी केलीय. कार्डं लॅमिनेट पण करून घेतलीत."

शेपटीने जिन्यात विचारलं, "आई, तू दात का खातेस?"

कार्यक्रमाच्या दिवशी पर्समध्ये मी खरंच एक अनोळखी पान घातलं होतं. खोटं कशाला बोलू. मॅडमसमोर ते पान वकीलच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बघा, हे आहे तुमचं नेतृत्व. सकाळी आंघोळ करताना मी ती सगळी वाक्यं मनातल्या मनात म्हटली होती. खोलीत खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. पुढे पाहुणे, मागे आमचा वर्ग. आईवडील कुणाचेच नव्हते, दुपारी कामावर असतात सगळे. वकील वेणी घालून आली होती. पाहुण्यांना नमस्कार करून ती शेवटचं पान म्हणायला उभी राहिली आणि पुस्तक उघडण्याआधी तिने माझ्या पर्सकडे पाहिलं. तिला कसं कळलं देव जाणे. मी पर्सची चेन लावली.

तिने पान म्हटलं. योग्य जागी थांबली, योग्य जागी पान उलटलं, एकदा मुद्दाम अडखळलीसुद्धा. टाळ्या तिलाच सगळ्यांत जास्त. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मग पुढाऱ्याचं मनोगत. मी काय शिकले, यावर प्रत्येकाने बोलायचं असतं. मी उभी राहिले.

"मी हे शिकले," मी म्हटलं, "की ही मुलं आपल्याला शिकवतात. आपण आलो की ती चुकतात, कारण त्यांना माहीत आहे की ती चुकली नाहीत तर आपल्याला करायला काही उरणार नाही. तेच पहिलं पान त्यांनी किती पुढाऱ्यांसमोर चुकून दाखवलंय ते त्यांनाच विचारा. आपण गेल्यावर ती काय म्हणत असतील त्याचा विचार करा. आणि या नाटकात एखाद्याला खरंच येत नसेल, तर आपल्यातल्या कुणाला ते दिसणार नाही, कारण आपण इथे मुलांकडे बघायला येत नाही. आपण बिल्ल्याकडे बघायला येतो."

पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. मग सगळेच हसले. आजोबाने चष्मा काढून पुसला. टाळ्या थांबेनात. मॅडमनी मला मिठी मारली. "किती नर्मविनोदी बोललीस. यावर्षीचं सर्वांत चांगलं मनोगत." फोटो काढणाऱ्याने आम्हा दोघींना पुन्हा मिठी मारायला लावली, पहिली नीट आली नव्हती म्हणून. मी बिल्ला काढला तेव्हा हात इतके आवळले होते की त्याची पिन बोटात घुसली. कॅप्टनच्या छातीवर तो सरळ बसला.

वकीलला घरी सोडायचं काम मी मागून घेतलं. रस्त्याने एका बाजूला शेपूट, एका बाजूला ती.

"मी तुझ्या आईला सांगणार आहे," मी म्हटलं.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग?"

"मोडतेय."

तिने माझा हात सोडला आणि पुढे चालू लागली. दोन्ही बाजू मांडल्या नाहीत, काहीच नाही. वकील गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिची आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसते. पॅंटींच्या खालच्या पट्ट्या, तुटलेल्या चेन, सैल झालेल्या कमरा. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले लोकांचे कोट. मी आधी जमिनीवरच्या टाचण्या बघितल्या आणि शेपटीला कडेवर घेतलं. वकीलच्या आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यातूनच ती हसली.

"बसा ताई. कसं झालं? म्हटलं का हिने?"

"म्हटलं. पाठ होतं ते." मग मी थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून एका दमात सांगून टाकलं. "हिला वाचता येत नाही. सुरुवातीची काही अक्षरं येतात, बस. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला या महिन्यात कळलं."

तिने ओठांतली एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचली.

"रोज झोपताना ही मला गोष्ट वाचून दाखवते," ती म्हणाली. "मी काजं करत असते, ही वाचते. रोज वेगळी. पुस्तक एकच आहे घरात. मी म्हणायचे, केवढं मोठं पुस्तक हे, संपतच नाही."

टांगलेल्या कोटांकडे तोंड करून वकील उभी होती. वळली नाही.

"किती जणी आलात तुम्ही?" आईचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "प्रत्येकीने दारात येऊन सांगितलं, पोरगी हुशार आहे हो तुमची, बोलते किती छान. प्रत्येक वेळी मी मशीन थांबवून ऐकलं. चहा दिला. तुम्हाला तिथे शिकवायला पाठवतात की शिकायला?"

"शिकायला," मी म्हटलं.

"मग तसं सांगा ना सरळ. माझी पोर काय तुमची पाटी आहे, गिरवायला? एकीचं गिरवून झालं की पुसायचं, दुसरीच्या हातात द्यायची?"

हेच सगळं मी मॅडमना म्हणायला हवं होतं, याच शब्दांत, आणि ते इथे मलाच ऐकावं लागत होतं. रास्त होतं. तरी राग आला, तिचा नाही, पण दुसरं समोर कुणी नव्हतं.

"मी रोज येते," मी म्हटलं. "इथे. तुमच्यासमोर बसून शिकवते."

"तुमचा महिना संपला ना?"

"हो. म्हणून येते. आता तिथे मला कुणी घेणार नाही."

"किती दिवस?"

"हिला वाचता येईपर्यंत."

"सगळ्याच असं म्हणत असतील."

"नाही," मी म्हटलं, जरा जोरातच. "असं कुणीही म्हटलेलं नाही. इतक्या जणींमधून एकीनेही नाही."

शेपटीने घाबरून माझी मान घट्ट धरली. वकीलची आई माझ्याकडे बघत राहिली, कापडाचा दर्जा बघतात तसं. मग उठली आणि कापायच्या टेबलावरचे तुकडे, खडू, कात्री सगळं एका हाताने बाजूला लोटलं.

"उद्या नको. आत्ता."

"मी यांच्याशी बोलणार नाही," कोटांकडे तोंड करूनच वकील म्हणाली.

"बोलू नकोस," आई म्हणाली. "बोलणं पुरे झालं तुझं. वाच."

बऱ्याच वेळाने ती आली. खुर्ची ओढली, शक्य तितका आवाज करत. मी पर्समधलं ते अनोळखी पान काढून टेबलावर ठेवलं. तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी विसरणार नाही, आणि माफी मागावी असं मला वाटलंही नाही. शेपटीला मी टेबलाच्या कडेवर बसवलं, टाचण्यांपासून दूर.

वकीलने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तोंड उघडलं, काहीतरी भराभर सांगून टाकायला, आणि मिटलं. पहिलं अक्षर आलं. दुसऱ्यावर बोट थांबलं.

दारात एक माणूस आला, हातात पावती. "माझी पॅंट झाली का हो? जरा घाईत आहे."

"थांबा," वकीलची आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "काम चालू आहे."

तो थांबला. आम्ही सगळे थांबलो.